माझी ताई नर्स होती

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सोसायटीच्या महिला मंडळाने १२ मे रोजी, जागतिक परिचारिका दिनी, क्लब हाऊसमध्ये घेतलेल्या कार्यक्रमातील भाषण. अनेक सभासदांनी मागणी केल्यामुळे थोडे संक्षिप्त करून येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



महिला मंडळाने मला बोलायला सांगितलं तेव्हा मी विचारलं, ‘‘अहो, मी बँकेतला माणूस. जन्म गेला लेजर आणि व्हाऊचरमध्ये. नर्सिंगवर मी काय बोलणार?’’ तर वहिनी म्हणाल्या, ‘‘काका, आपल्या सोसायटीतल्या तीन मुली यंदा बारावी झाल्यात आणि तिघींच्या मनात नर्सिंग आहे. घरचे तयार नाहीत. तुम्ही तुमच्या ताईंबद्दल नेहमी सांगता, तेवढंच सांगा.’’

तेवढंच सांगणार आहे. जोडीला दोन व्यवहाराच्या गोष्टी, कारण बँकेची सवय सुटत नाही.

आमचं गाव सिन्नर तालुक्यातलं. वडील १९६४ साली अचानक गेले. आई, ताई, मी आणि धाकटा भाऊ. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, नुकतीच मॅट्रिक झालेली. ओळखीच्या एका डॉक्टरांनी सुचवलं की हिला सरकारी रुग्णालयात नर्सिंगच्या ट्रेनिंगला पाठवा, राहणं-खाणं तिथेच, वर विद्यावेतन मिळतं. आमच्या नातेवाइकांत गहजब झाला. ‘‘परक्या पुरुषांची अंगं पुसायला पोरीला पाठवताय?’’ हे वाक्य आमच्या ओसरीवर, माझ्यासमोर बोललं गेलं आहे. आई गप्प होती. ताईनेच ट्रंक भरली.

त्या विद्यावेतनातून दर महिन्याला घरी मनीऑर्डर यायची. पोस्टमन आला की आई देवासमोर हळदकुंकू घ्यायला जायची. मी १९७१ साली बी.कॉम. झालो आणि पुढच्या वर्षी बँकेत लागलो, तो त्या मनीऑर्डरींवर. आपल्या खात्यात कुणी क्रेडिट टाकलं आहे हे न विसरणं, ही बँकेतल्या माणसाची पहिली शिस्त. ती शिस्त मी एकदा मोडली.

१९७६ साली माझं लग्न ठरत होतं. मुलीकडची मंडळी बसली होती. तिच्या काकांनी विचारलं, ‘‘मोठी बहीण काय करते?’’ मी म्हणालो, ‘‘सरकारी नोकरीत आहे, दवाखान्यात. ऑफिसचं काम असतं.’’ ताई आत चहा गाळत होती. आमच्या त्या दोन खोल्यांत भिंत म्हणजे नुसता पडदाच. तिने ऐकलं. ट्रे घेऊन बाहेर आली, सगळ्यांना चहा दिला, मला शेवटी दिला. एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

गंमत म्हणजे लग्नानंतर महिनाभरात आमच्या हिला कळलंच. ही म्हणाली, ‘‘नर्स आहेत असं सांगितलं असतंत तर मी काय नाही म्हणणार होते? माझ्या आजीला शेवटी नर्सनेच सांभाळलं.’’ म्हणजे मी जे लपवलं ते लपवायची गरजच नव्हती. लाज लोकांना वाटत नव्हती, ती मलाच वाटत होती. ताईचं मात्र लग्न झालं नाही. स्थळं यायची, ‘नर्स’ म्हटलं की पत्रिका परत यायची. आणि तिच्या घरात असलेला कमावता भाऊसुद्धा तो शब्द उच्चारायला कचरत होता.

मुलींनो, तुमच्या घरी आज जो विरोध आहे तो याच जातीचा आहे. फक्त आता वाक्यं सौम्य झाली आहेत. ‘‘नर्सच का? निदान फार्मसी तरी कर,’’ असं म्हणतात.

हा विरोध जुना आहे, तशी त्याला न जुमानणाऱ्या बायकांची परंपराही जुनी आहे. सावित्रीबाई फुले आपल्याला शिक्षिका म्हणून माहीत आहेत. पण त्यांचा शेवट कशात झाला? १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. शिकवणं आणि शुश्रूषा, दोन्ही एकाच बाईने केलं. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं, रमाबाई रानडे त्याच्या प्रमुख. सेवासदनने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने स्त्रियांना नर्सिंगचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्या काळच्या पुण्यात, पांढरपेशा घरातल्या विधवेने रुग्णालयात जाऊन शिकायचं! आमच्या ओसरीवर जे बोललं गेलं त्याच्या शंभरपट त्या बायकांनी ऐकलं असेल.

आणि ज्यांचा आज जन्मदिवस, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल. १२ मे १८२० चा जन्म. हातात दिवा घेतलेली बाई एवढंच चित्र आपल्याला माहीत असतं. मला त्या जास्त आवडतात त्या आकडेमोडीसाठी. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रुग्णालयातल्या रोगराईने जास्त मरत होते, हे त्यांनी आकडे मांडून, चित्ररूप तक्ते काढून सरकारला पटवलं. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद. परत आल्यावर १८६० साली सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी नर्सिंगची शाळा काढली. म्हणजे दया होतीच, पण तिच्या जोडीला हिशेब होता आणि शाळा होती. आपण दयेचं कौतुक करतो आणि बाकी दोन विसरतो.

आता ताईकडे येतो. दहाएक वर्षं वॉर्डात काढल्यावर ती शिकवण्याकडे वळली. सरकारी भाषेत पाठ्यनिर्देशिका; मुली म्हणायच्या ट्युटर सिस्टर. पुढे नर्सिंग स्कूलची प्राचार्य होऊन २००५ मध्ये निवृत्त झाली. आजकाल मॅनेजमेंटवाले ‘हृदयापासून नेतृत्व’ असं काहीतरी म्हणतात. आम्हाला बँकेतही एक-दोन ट्रेनिंगमध्ये शिकवलं. ताईने ते ट्रेनिंग घेतलं नव्हतं. तिचं काय चालायचं ते सांगतो.

एकदा तिच्या एका विद्यार्थिनीकडून औषधाच्या मात्रेत चूक झाली. पोरगी रडत ताईकडे आली. ताईने क्रम असा ठेवला. आधी पेशंटकडे गेली, नाडी, रक्तदाब बघितला. मग डॉक्टरांना कळवलं. मग रिपोर्टमध्ये जसं घडलं तसं लिहायला लावलं. आणि हे सगळं झाल्यावर त्या मुलीला खोलीत घेऊन बसली, दार लावून. वॉर्डात, पेशंटसमोर एक शब्द नाही. पेशंट सुखरूप राहिला. मी विचारलं, ‘‘शिक्षा काय केलीस?’’ ती म्हणाली, ‘‘अरे, ती स्वतःहून सांगायला आली. तिला आज फाडून खाल्लं तर उद्या दुसरी सांगणार नाही. आणि न सांगितलेली चूक पेशंटला महाग पडते.’’

मला माझी गोष्ट आठवली. बँकेत लागून तीन वर्षं झाली होती, मी कॅशवर होतो. संध्याकाळी कॅश जुळेना, दोनशे रुपये कमी. त्या वेळी दोनशे म्हणजे चेष्टा नव्हती. मी सरळ मॅनेजरसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी सगळ्या स्टाफसमोर, काउंटरवर ग्राहक उभे असताना माझी जी काढली, ती अजून कानात आहे. परिणाम काय झाला? पुढच्या वेळी पन्नास रुपये कमी आले तेव्हा मी मुकाट्याने खिशातून भरले आणि कुणाला सांगितलं नाही. बँकेत याने एका क्लार्कचं पाकीट हलकं होतं. रुग्णालयात याच स्वभावाने माणूस जातो. ताईचं ‘हृदय’ हे असं होतं. ती हळवी नव्हती. तिच्या वागण्याने पेशंट वाचत होते.

आणि ती मऊ होती असंही समजू नका. सलाईनचे थेंब मोजता न येणाऱ्या मुलीला तिने प्रात्यक्षिकात नापास केलेलं मला माहीत आहे, वरून शब्द आला असतानाही. गणित साधं असतं. ५०० मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचं, सेट एका मिलिलिटरला १५ थेंबांचा. म्हणजे ७,५०० थेंब भागिले ४८० मिनिटं, मिनिटाला साधारण १६ थेंब. ताई म्हणायची, ‘‘हे जिला येत नाही तिला मी पास केलं, तर ते प्रेम नव्हे. तो पेशंटशी दगा.’’ त्या मुलीला मात्र तिने सहा महिने संध्याकाळी स्वतःच्या क्वार्टरवर बोलावून गणित शिकवलं, वर जेवायलाही घातलं. ती मुलगी पुढे मोठ्या रुग्णालयात परिसेविका झाली.

होस्टेलवर नवीन मुली यायच्या, बऱ्याचशा खेड्यातल्या. पहिला मृत्यू बघितल्यावर एखादी जेवायची नाही, झोपायची नाही. ताई तिला ‘‘सवय होईल’’ असं कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, ‘‘सवय होऊ देऊ नकोस, पण हात थरथरू देऊ नकोस.’’ मला वाटतं, नर्सिंगच्या सगळ्या शिक्षणाचं सार यात आलं.

मनापासून दिलेलं नेतृत्व किती टिकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये क्रूर हल्ला झाला. त्या परत शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ न देणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात कुणी अंथरुणावर होतं त्यांना विचारा. अरुणांना ओळखणाऱ्या मैत्रिणी निवृत्त झाल्या. मग ज्यांचा हल्ल्याच्या वेळी जन्मही झाला नव्हता, अशा मुलींनी ते काम उचललं. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा या परिचारिका ठामपणे म्हणाल्या, आम्ही सांभाळतो आहोत, सांभाळू. २०११ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. एवढं काम परिपत्रक काढून झालं असतं का? प्रत्येक सीनियरने आपल्या वागण्यातून ते पुढच्या पिढीला दिलं.

आता थोडं कडू बोलतो. रौप्यमहोत्सव आहे, गोड सगळेच बोलतील. दहा-अकरा वर्षांपूर्वी आपल्या एका सभासदाला त्यांचा फ्लॅट तीन नर्स मुलींना भाड्याने द्यायचा होता. मॅनेजिंग कमिटीत विषय आला. ‘‘रात्री-अपरात्री येतात-जातात, सोसायटीचं वातावरण...’’ वगैरे बोलणं झालं आणि परवानगी मिळाली नाही. मी तेव्हा खजिनदार होतो. माझी सख्खी बहीण आयुष्यभर नाईट ड्युटी करत आली, हे तिथे सांगायला पाहिजे होतं. मी खाली मान घालून मिनिट्सवर सही केली. पुढे २०२० आलं. जागतिक आरोग्य संघटनेने ते वर्ष परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलं होतं, आणि त्याच वर्षी कोरोना आला. आपण गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. मला तेव्हा ती सही आठवत होती. आपल्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये रात्री साडेदहाला आलेल्या मुलीचं नाव आपण कुठल्या नजरेने वाचतो, एवढंच यापुढे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

आता मुलींसाठी आणि विशेषतः त्यांच्या पालकांसाठी व्यवहाराचं. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

पहिलं, कोर्स कुठले. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा, या दोन्हींना कुठल्याही शाखेची बारावी चालते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं. महाराष्ट्रात त्याची स्वतंत्र सीईटी होते. जी.एन.एम. झालेल्या मुलीला दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी घेता येते. म्हणजे आज सायन्स नाही म्हणून दार कायमचं बंद होत नाही.

दुसरं, शिकवण्याकडे जायचं असेल तर. बी.एस्सी. नंतर दोन वर्षांचं एम.एस्सी. त्यात मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालआरोग्य, मानसिक आरोग्य, सामाजिक आरोग्य असे विषय आहेत. त्याआधी किमान एक वर्ष कामाचा अनुभव मागतात. माझं म्हणणं, एक नव्हे, दोन-तीन वर्षं वॉर्डात काढा. ताई म्हणायची, ‘‘जिने रात्रीचे तीन वाजलेले वॉर्डात बघितले नाहीत, तिने वर्गात फळ्यासमोर उभं राहू नये.’’ पुढे ट्युटर, असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर, प्रोफेसर, प्राचार्य अशी शिडी आहे. पीएच.डी. आहे. ज्यांना वॉर्डच आवडतो त्यांना अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही शिडी आहे. सैन्यात जायचं तर पुण्याच्या ए.एफ.एम.सी.चं नर्सिंग कॉलेज आहे, तिथून मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी होता येतं.

तिसरं, कॉलेज निवडताना. इमारत बघून प्रवेश घेऊ नका. इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, बी.एस्सी. असेल तर आपल्या नाशिकच्याच आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का, ते स्वतः तपासा. विद्यापीठ म्हसरूळला आहे, रिक्षाने जाता येतं! कॉलेजला चालू रुग्णालय जोडलेलं आहे का, तिथल्या खाटांवर पेशंट आहेत का, ते जाऊन बघा. रिकाम्या वॉर्डात नर्स तयार होत नाही. एजंटला एक रुपया देऊ नका. आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवायला देताना, सही करताना, प्रत्येक कागद वाचा. बँकेत मी हजारो लोकांना न वाचता सही करताना बघितलं आहे.

चौथं, पैसे. शैक्षणिक कर्ज नर्सिंगच्या मान्यताप्राप्त कोर्सला मिळतं. बँकांच्या नमुना योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंत तारण नाही आणि मार्जिनही नाही, पालक सहकर्जदार असतात. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करता येतो. हप्ते कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. पण शिकत असताना व्याज चढत असतं, जमलं तर ते दरमहा भरत जा, शेवटी ओझं निम्म्यासारखं वाटतं. शाखेत कुणी ‘‘नर्सिंगला कर्ज नाही’’ असं म्हटलं तर लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळ नियम बदलतात, हा माझा स्वतःचा अनुभव, टेबलाच्या दोन्ही बाजूंचा. मुलींच्या फी-सवलतीच्या सरकारी योजना आहेत, प्रवेशाच्या वेळी कॉलेजात आणि महाडीबीटीवर चौकशी करायला विसरू नका.

पाचवं, परदेश. अमेरिकेला एनसीएलईएक्स परीक्षा, इंग्लंडला इंग्रजीची परीक्षा, जर्मनीला जर्मन भाषा. जावं, जरूर जावं. पण आधी इथे हात बसवून जावं.

आणि सहावं पालकांना, सासूबाईंनाही. मुलगी रात्रपाळी करून सकाळी आली की तिला झोपू द्या. तिचा दिवस तेव्हा संपलेला असतो. ताई रजेवर घरी यायची तेव्हा आम्ही तिला उठवून पाहुण्यांसाठी पोहे करायला लावत होतो. आज लाज वाटते.

शेवटचं सांगतो. २०१६ मध्ये ताई आजारी पडली. शेवटचे दीड महिने रुग्णालयात होती. मी आणि आमची ही जाऊन-येऊन होतो, पण आम्हाला करायला फारसं काही उरायचंच नाही. तिच्या विद्यार्थिनी यायच्या. कुणी साठीची, कुणी चाळिशीची. एकजण ड्युटी संपवून रोज संध्याकाळी तिची वेणी घालायला यायची. सलाईनचे थेंब न जमलेली तीसुद्धा आली होती. घड्याळ बघून थेंब मोजत होती आणि ताई पडल्या पडल्या हसत होती.

एका रात्री आम्ही दोघंच होतो. मी चाळीस वर्षं गिळलेलं वाक्य बोललो. म्हणालो, ‘‘ताई, त्या दिवशी मी खोटं बोललो. तू ऐकलंस ना?’’ ती म्हणाली, ‘‘ऐकलं की.’’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘तेव्हा तू लहान होतास रे.’’ मी पंचवीस वर्षांचा होतो. तिच्या हिशेबात मी लहान होतो. तिने ते कर्ज कधीच राइट-ऑफ करून टाकलं होतं. माझ्या वहीत मात्र ते अजून उभं आहे.

म्हणून आज माइक हातात आहे तोवर, आपल्या सोसायटीच्या दोनशे माणसांसमोर, जे १९७६ साली सहा माणसांसमोर बोलता आलं नाही ते बोलतो. माझी मोठी बहीण नर्स होती. तिने शेकडो नर्स शिकवल्या. माझं शिक्षण तिच्या पगारावर झालं.

बारावी झालेल्या त्या तीन मुलींना आणि पुढे येणाऱ्यांनाही सांगतो, कर्जाचा फॉर्म, कॉलेजची चौकशी, सीईटीचा अर्ज, काहीही असो, संध्याकाळी पाच ते सात मी घरी असतो. आईवडिलांना घेऊन या. चहा आमची ही करील, फॉर्म मी भरून देईन. ताईचं ड्रेसला लावायचं सेकंदकाट्याचं घड्याळ माझ्याकडे आहे. अजून चालतं. सोसायटीतली जी मुलगी पहिली नर्स होईल तिला ते द्यायचं ठरवलं आहे.